एका रकान्यात दोन भाषा

गणपतीपुळ्याच्या आमच्या पट्ट्यात मुसलमान घरातलं बोलणं कोकणी, मदरशातला सबक उर्दू आणि एसटीचा बोर्ड मराठी. शाळेच्या फॉर्मवर 'मातृभाषा' हा रकाना आला की पालक पेन हातात धरून थांबतात. मग बहुतेक जण 'उर्दू' लिहून मोकळे होतात. २०११ च्या जनगणनेतही मातृभाषा एकच विचारली होती. येणाऱ्या इतर भाषा जास्तीत जास्त दोन, त्याही प्रावीण्याच्या क्रमाने.

एका प्रोग्रॅमने मात्र एका रकान्यात दोन्ही भाषा घेतल्या. जमातीचे जुने छापील अहवाल आहेत, अर्धं पान मराठी, अर्धं उर्दू. आजोबा-पणजोबांची नावं मुलांना संगणकावर शोधता यावीत म्हणून त्या पानांचे फोटो मजकुरात उतरवायचे होते. त्यासाठी मी टेसरॅक्ट वापरतो. ह्यूलेट-पॅकार्डमध्ये १९८० च्या दशकात सुरू झालेला हा प्रोग्रॅम २००५ मध्ये सर्वांसाठी खुला झाला, आजही फुकट आहे. माउस बाजूला ठेवायचा आणि काळ्या खिडकीत हुकूम लिहायचा: चित्राचं नाव, निकालाच्या फाइलचं नाव, मग भाषा सांगायला 'वजा एल'. (टाइप करायचं रोमन अक्षरांत, इथे उच्चार देतो.)

भाषा दोन असतील तर? इथे प्रत्येक प्रोग्रॅमचा रिवाज निराळा. शब्द शोधणाऱ्या 'ग्रेप'ला 'वजा ई' दोनदा दिला, तर तो दोन्ही शब्द शोधतो. 'कट'ला रकाने स्वल्पविरामाने सांगायचे, १,३ असे. टेसरॅक्टला अधिकचं चिन्ह हवं: मार+उर्द, मध्ये जागा न सोडता. जागा सोडलीत, तर 'उर्द' ही भाषा राहत नाही. ते एखाद्या सेटिंगच्या फाइलचं नाव समजलं जातं आणि अशी फाइल उघडता येत नाही अशी तक्रार येते. ग्रेपच्या सवयीने 'वजा एल' दोनदा लिहिलात, तर तक्रारही येत नाही. शेवटची भाषा उरते, पहिली गुपचूप पुसली जाते. तक्रार करणारं यंत्र परवडलं. दुसरं पान निव्वळ कचरा होऊन बाहेर पडतं आणि ते कुणी वाचेपर्यंत कळतही नाही.

क्रमालाही अर्थ आहे. पहिली भाषा मुख्य धरली जाते, म्हणून जिचा मजकूर जास्त ती आधी. आमच्या अहवालात मराठी जास्त, म्हणून 'मार' पुढे. पहिल्यांदा हे करणाऱ्याने 'लिस्ट-लँग्ज' हा हुकूम देऊन दोन्ही भाषा संगणकात बसवलेल्या आहेत ना, हे पाहून घ्यावं.

उर्दूचा निकाल मात्र ओळ न् ओळ तपासावा लागतो. नस्तालीकमध्ये अक्षरं तिरपी उतरत एकमेकांवर चढतात, नुक्ते कुणाचे कुणाला लागतात. आणि कोकणीची फाइल टेसरॅक्टच्या यादीत नाहीच. अहवालात मधूनच येणारे आमच्या बोलीतले शब्द मी हातानेच लिहून काढतो.