चाकावरची काजळी

निवृत्तीनंतर माणसाला एखादा छंद हवा, असे सगळेच सांगतात. तो कोणता हे मात्र कोणी सांगत नाही. आणि आपला आपण शोधून काढला, की घरातली माणसे कपाळाला हात लावतात. माझा छंद मोटारीची चाके धुण्याचा आहे.

मोटार नव्हे, नुसती चाके! मोटार धुवायला आमच्या सोसायटीत भल्या पहाटे एक मुलगा येतो. एक बादली आणि एक फडके एवढ्या भांडवलावर तो बारा गाड्या आटोपतो. शेवटच्या गाडीशी पोचेपर्यंत बादलीत जे उरते त्याला पाणी म्हणायला बरीच श्रद्धा लागते. पण चाकांना तोही हात लावीत नाही. "काका, ते काळं निघत नाय," असा निर्वाळा त्याने मला पहिल्याच महिन्यात दिला.

हे काळे म्हणजे काय, हे मलाही पूर्वी ठाऊक नव्हते. रस्त्यावरची धूळ असेल असे वाटे. पण धूळ कशी, चारी चाकांवर समदृष्टीने बसते. हे काळे फक्त पुढच्या दोन चाकांवर. मागची दोन आपली सोवळ्यातली! शोध घेतला तेव्हा कळले, की ही ब्रेकची झीज. आपण पायाने पेडल दाबतो तेव्हा चाकाबरोबर फिरणाऱ्या बिडाच्या तबकडीला दोन्ही बाजूंनी ब्रेकपॅड चिमटीत धरतात. गाडीचा सगळा वेग घासून घासून उष्णतेत जिरवायचा, एवढेच त्यांचे काम. त्या घासण्यात पॅडही झिजते, तबकडीही झिजते आणि जुन्या काळ्या दंतमंजनासारखी वस्त्रगाळ पूड चाकावर येऊन बसते. ब्रेक लागला की गाडीचा भार पुढे झुकतो, म्हणून पुढच्या चाकांना काम जास्त. शिवाय आमच्यासारख्या लहान गाड्यांना मागे बहुधा ड्रमचे ब्रेक असतात. त्यांची काजळी डब्यातल्या डब्यात राहते. झाकली मूठ सव्वा लाखाची!

युरोपात २०२४ साली संमत झालेल्या 'युरो ७' नियमांनी धुराबरोबर ब्रेकच्या या पुडीलाही प्रथमच मर्यादा घातली आहे. बहुतेक पेट्रोल-डिझेल मोटारींना दर किलोमीटरला ७ मिलिग्रॅम. मी लगेच कागद घेऊन बसलो. वर्षाला दहा हजार किलोमीटर, म्हणजे ७० ग्रॅम. सराफाच्या हिशेबाने सात तोळे! आणि हे नुसते हवेत तरंगणारे बारीक कण. सौभाग्यवतीला हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, "सात तोळे घरात आणायचं कधी सुचलं नाही, उधळायचं बरं सुचतं."

चाके धुण्याचेही एक शास्त्र आहे. गाडी बाहेरून आल्या आल्या धुवायची नाही. तापल्या धातूवर गार पाणी घालणे बरे नव्हे, आणि साबणही वाळून डाग धरतो. आधी चाके, मग गाडी. चाकांची बादली आणि फडके वेगळे, कारण त्या पुडीतले लोखंडाचे कण रंगावर घासले तर ओरखडे उठतात. आऱ्यांच्या खोबणीत जुना दात घासायचा ब्रश चालतो. काजळी कोरडीच झटकायची किंवा फुंकायची तर मुळीच नाही. पूर्वी या पॅडमध्ये सर्रास ॲस्बेस्टॉस असे. ते फुप्फुसाला काय करते हे कळल्यावर अनेक देशांनी त्यावर बंदी घातली. आता ते बहुतेक ठिकाणी नसले, तरी लोखंडाची पूड नाकात ओढण्यात शहाणपण नाही. पाण्याने भिजवूनच काढावी. आणि आम्लाचे जालीम द्रावण कोणी देऊ केले तर नको म्हणावे. काजळीबरोबर चाकावरचा चकाकीचा थरही ते नेते.

आळस केला तर पावसाळ्यात ते कण गंजतात आणि चाकावर तांबूस ठिपके धरतात. त्यांच्यासाठी एक औषध मिळते. फवारले की दोन मिनिटांत चाकावरून जांभळे ओघळ वाहू लागतात. लोखंड विरघळल्याची ती खूण. दृश्य मोठे मनोहर, पण वास थेट कुजक्या अंड्याचा! आमच्या शाकाहारी इमारतीत मी ते पहिल्यांदा वापरले, त्या दिवशी तळमजल्यावरच्या आजींनी खिडकी लावून घेतली ती चार दिवस उघडली नाही.

हे सगळे ज्ञान मी घरात उत्साहाने वाटीत होतो, आणि त्यातच फसलो. दिवाळीला चिरंजीव बंगळूरहून आले होते. माझे व्याख्यान शांतपणे ऐकून म्हणाले, "म्हणजे बाबा, जितका ब्रेक जास्त तितकं काळं जास्त, असंच ना?"

"अर्थात!" मी म्हणालो.

"मग तुमची चाकं आठवड्यात इतकी काळी कशी होतात?"

"मी केव्हाची सांगतेय," ही लगेच म्हणाली, "अहो, तुमचा पाय सारखा ब्रेकवरच असतो."

पुढचे बोलणे कुठे जाणार ते मला कळले. मी त्या वेळी अडुसष्ट वर्षांचा होतो. मुलगा प्रेमानेच बोलत होता: रात्री चालवू नका, कोकणात जाताना ताम्हिणी घाट तुम्ही उतरू नका, ड्रायव्हर घ्या, पैसे मी देतो. त्यात रागावण्यासारखे काही नव्हते, म्हणूनच राग अधिक आला. त्यानंतर मी चाके आठवड्यातून दोनदा धुऊ लागलो. लोकांना तो स्वच्छतेचा अतिरेक वाटला. खरे सांगायचे तर मी पुरावा नष्ट करीत होतो.

आणि मग गेल्या वर्षीचा दसरा आला. खंडेनवमीला माझे वडील आपली सायकल रॉकेलच्या बोळ्याने पुसत. रबरी ब्रेकची काळी रेघ धावेवर असे. ती पुसून झाली की ते बोळा उलटासुलटा करून बराच वेळ निरखीत. त्यात ते काय पाहत हे मी कधी विचारले नाही. त्या दिवशी झेंडूचे तोरण बांधण्याआधी मीही चाके पुसली आणि सहज माझी दोन फडकी शेजारी शेजारी ठेवली. उजव्या चाकाचे करडे होते. डाव्याचे तव्याखाली फिरवल्यासारखे काळेकुट्ट. तीनच दिवसांपूर्वी दोन्ही लख्ख केली होती!

मी पायरीवर बसलो. पाय माझा एक, पेडल एक, आणि तेलाचा दाब दोन्ही चाकांना सारखाच जातो. पायाचाच दोष असेल तर दोन्ही चाके सारखी काळी व्हायला हवीत. मग आठवले, की महिनाभर गाडी किंचित डावीकडे ओढते आहे. तो दोष मी पुण्याच्या रस्त्यांवर ढकलून मोकळा झालो होतो. दोनच महिन्यांपूर्वी सर्व्हिसिंग झाले होते. त्या कागदावर 'ब्रेक' या शब्दापुढे बरोबरची सुबक खूणही होती.

आमच्या कोपऱ्यावरचा गॅरेजवाला सणाच्या दिवशीही उघडा होता. त्याने गाडी जॅकवर घेऊन उजवे चाक हाताने फिरवले; ते फिरत राहिले. डावे अर्ध्या फेऱ्यात घरघरत थांबले. "काका, कॅलिपरची पिन जाम झालीय. तुम्ही पाय काढला तरी ब्रेक सुटत नाय." चाक उतरवून त्याने आतले पॅड माझ्या हातावर ठेवले. घर्षणाचा थर नखाएवढाही उरला नव्हता. पुढे नुसता लोखंडी पत्रा. "कुठं घाटात निघाला नव्हता ना?" त्याने विचारले.

दिवाळीआधी आम्ही दोघे ताम्हिणीतून गावी जाणार होतो. घाटात असा ब्रेक तापत गेला, की त्यातले तेल उकळते आणि पेडल नुसतेच खाली जाते. हे मला पुस्तकातून ठाऊक होते. तरी पॅड हातात घेऊन ते आठवणे वेगळे.

पिना साफ झाल्या, नवे ग्रीस भरले, दोन्ही चाकांना नवी पॅड बसली. मुलाला फोन केला. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, "बरं झालं बाबा, तुम्ही ती चाकं पुसता." ड्रायव्हरचा विषय त्याने काढला नाही. मी विजयी वीरासारखा फोन ठेवला.

"उजवं फडकं पण करडं होतंच की," सौभाग्यवती आतून म्हणाली.

ते मात्र खरे होते. तीन दिवसांत तेवढे व्हायला नको होते.

दिवाळीला आम्ही गेलो, मीच चालवीत. घाट ज्या गिअरने चढाल त्याच गिअरने उतरा, असे गॅरेजवाल्याने बजावले होते. विळ्यापर्यंत मी दुसऱ्या गिअरमध्येच होतो. मागच्या गाड्यांनी भोंगे वाजवले, वाजवोत. माणगावला चहाला थांबलो. मी उतरून पुढे वाकतो आहे, तोच ही पर्समधून दोन कागदी रुमाल काढून म्हणाली, "अहो, थांबा. डावं तुम्ही बघा, उजवं मी बघते."