आमची नदी : कडवीच्या खोऱ्यांतील सुट्टी

देशाटनानें मनुष्यास चातुर्य येतें, असें आपले पूर्वज सांगून गेले. परंतु देशाटनानें मनुष्यास लाजही वाटूं लागते, हें कोणीं सांगितल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं. आम्हांस ती वाटली, आणि तीही हजारों कोस दूर, फ्रान्स देशांतील एका नदीच्या कांठीं. त्या लाजेची व तिच्या परिमार्जनाची हकीकत वाचकांस सादर करण्याचें योजिलें आहे.

आमचें गांव मलकापूर. कोल्हापूर जिल्ह्यांतील शाहूवाडी तालुक्यांत, कोल्हापुराहून रत्नागिरीस जाणाऱ्या रस्त्यावर, कोल्हापुरापासून सुमारें ४५ किलोमीटरांवर तें वसलेलें आहे. जुनी अकरावी उत्तीर्ण होऊन आम्हीं याच तालुक्यांतील शाळांतून छत्तीस वर्षें मुलांस शिकविलें. चिरंजीव फ्रान्समध्यें तुलूझ शहरीं विमानांच्या कारखान्यांत अभियंता आहेत. त्यांच्या आग्रहास्तव गेल्या वर्षीं जुलै महिन्यांत आम्ही व आमची सौभाग्यवती तेथें गेलों असतां त्यांनीं दहा दिवसांकरितां दोर्दोन्य नांवाच्या नदीच्या खोऱ्यांत एक लहानसें घर भाड्यानें घेतलें.

तें खोरें सुंदर आहे, हें कबूल केलेंच पाहिजे. मध्य फ्रान्समध्यें पुई द सान्सी नांवाचा सुमारें १,८८५ मीटर उंचीचा डोंगर आहे. त्याच्या कुशींत दोर व दोन्य असे दोन ओहळ एकमेकांस मिळतात आणि तेथून पुढें नदीस दोर्दोन्य हें नांव लागतें. आम्हांस हा द्वंद्व समास फार आवडला. पुढें चिरंजीवांनीं सांगितलें कीं, भाषाशास्त्रज्ञ हें नांव त्याहून जुनें मानतात. असो. सुमारें ४८० किलोमीटर वाहून ही नदी बोर्दो शहराच्या खालीं गारोन नदीस मिळते. पूर्वीं तिच्यावरून गाबार नांवाच्या सपाट बुडाच्या नावांतून ओकाचें लांकूड व द्राक्षासव खालीं जात असे. कांठावर पिवळसर दगडाचीं घरें, अक्रोडाच्या बागा, आणि कड्यांवर समोरासमोर किल्ले. बेनाकचा किल्ला फ्रेंचांकडे, तर पलीकडील कास्तेल्नो बराच काळ इंग्रजांकडे; शंभर वर्षांच्या युद्धांत हे दोन शेजारी नदीवरून एकमेकांवर डोळे वटारून बसलेले असत. जवळच्या वेझेर नदीच्या खोऱ्यांत १९४० सालीं चार मुलांस लास्कोची चित्रगुहा सांपडली. सुमारें सतरा हजार वर्षांपूर्वींचीं तीं चित्रें पाहणारांच्या श्वासोच्छ्वासानें बिघडूं लागलीं, म्हणून १९६३ सालीं मूळ गुहा लोकांस बंद करण्यांत आली व पुढें तिची हुबेहूब प्रतिकृति करून ती दाखविण्यांत येऊं लागली. आपली वस्तु जपण्यासाठीं आपणच तिच्यापासून दूर राहावयाचें, हा संयम आम्हांस विशेष वाटला.

आमच्या घराची मालकीण सत्तरीची वृद्धा होती, आणि योगायोगानें तीही निवृत्त शिक्षिका. एके संध्याकाळीं ती अक्रोडाचा केक घेऊन आली. आमचा नऊ वर्षांचा नातू दुभाषी झाला. बाईंनीं आपल्या नदीची हकीकत उगमापासून मुखापर्यंत सांगितली. कोठें पूर येतो, कोणत्या वर्षीं पाणी कोठवर चढलें, कोणता मासा आतां दिसेनासा झाला, सारें तिला पाठ. मग तिनें विचारलें, "तुमच्या गांवीं नदी आहे काय?" आम्हीं मोठ्या ऐटींत सांगितलें, "आहे. कडवी. नांव कडवी, पण पाणी गोड." बाई प्रसन्न झाल्या. "ती कोठें उगम पावते?"

आम्ही म्हणालों, "डोंगरांत."

नातू भाषांतर करावयाचा थांबला. आमच्या तोंडाकडे पाहून हळूच म्हणाला, "आजोबा, एवढंच सांगूं?"

वाचकहो, छत्तीस वर्षें आम्हीं भूगोल शिकविला. नाईल, ॲमेझॉन, यांगत्से यांचे उगम मुलांकडून घोकून घेतले, आणि न सांगतां येणाऱ्यास उभें केलें. त्या रात्रीं झोंप लागेना. मुलाच्या त्या दोन शब्दांत उपहास नव्हता. आजोबांस याहून अधिक ठाऊक असेल, असा निखळ विश्वास होता, आणि तोच आम्हांस अधिक लागला.

डिसेंबरांत नाताळच्या सुट्टीस मंडळी मलकापुरास यावयाचीं होतीं. तत्पूर्वींच चिरंजीवांचा निरोप आला होता, "अण्णा, येतों तेव्हां घराचें काय तें ठरवून टाकूं." आमचें घर जुनें, कौलारू, आम्हां दोघांच्या माघारीं तेथें कोण राहणार, हा त्यांचा प्रश्न वाजवीच होता. आम्हीं उत्तरीं इतकेंच कळविलें कीं, "या. पहिले आठ दिवस मात्र आपण सहल करूं, व्यवहाराचें मागाहून."

पहिल्या दिवशीं कोठें दूर गेलों नाहीं. मलकापूर हें एके काळीं जहागिरीचें ठिकाण. विशाळगडचे पंत प्रतिनिधी हे कोल्हापूर संस्थानचे मोठे जहागीरदार. १८४४ च्या गडकऱ्यांच्या बंडानंतर गडाची तटबंदी पाडण्यांत आली आणि जहागिरीचा कारभार मलकापुरास आला. तालुका शाहूवाडीचा, परंतु बाजारपेठ मलकापूरची, असा जो प्रकार आज दिसतो, त्याचें मूळ या इतिहासांत असावें असें आम्हांस वाटतें. नातवास हें सांगत आम्ही शाळी नदीवरून खालीं उतरलों व ती कडवीस मिळते तेथवर गेलों. दोर व दोन्य पाहिलेल्या मुलास संगमाचें कौतुक वाटेल ही आमची अपेक्षा. परंतु त्याचें लक्ष कांठच्या झुडपांस अडकलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांकडे गेलें. "हें कोण काढतं?" त्यानें विचारलें. उत्तर देण्यासारखें आमच्यापाशीं कांहीं नव्हतें. टाकणारांत आम्हीही कधींकाळीं असूं.

पुढें एक बंधारा लागला आणि मुलाची कळी खुलली. याला कोल्हापूर पद्धतीचा बंधारा म्हणतात, आणि आमच्या जिल्ह्याचें नांव त्यामुळें महाराष्ट्रभर झालेलें आहे. नदीत दगडी खांब उभे असतात. पावसाळा सरला म्हणजे खांबांच्या खांचांतून बरगे घालून पाणी अडवितात, आणि पुढील पावसाळ्यापूर्वीं तेच बरगे काढून पुरास वाट मोकळी करून देतात. धरण म्हटलें तर आहे, म्हटलें तर नाहीं. नदीशीं भांडावयाचें नाहीं. ती रागावेल तेव्हां बाजूस व्हावयाचें, शांत असेल तेव्हां मागून घ्यावयाचें. चिरंजीव विमानें बांधणारे. तेही बराच वेळ खांचांची मोजमापें पाहत उभे राहिले.

तिसऱ्या दिवशीं आंब्याकडे निघालों. जीपगाडी हांकणारा आमचाच जुना विद्यार्थी, आतां केस पिकलेला. सकाळचें धुकें नदीवर दाट बसलेलें होतें. भातें कापून झालेलीं, शेतांतून उसाच्या गाड्या निघालेल्या, आणि एके ठिकाणीं गुऱ्हाळाचा धूर. तेथें उतरून काकवी घेतली. नातवानें बोटें चाटून पुसलीं, आणि दोर्दोन्यच्या अक्रोडाच्या केकास प्रतिस्पर्धी मिळाला. वाटेंत कडवीवरील धरणाचा जलाशय दिसला, आणि मग रान सुरू झालें : जांभूळ, हिरडा, अंजन, मधूनमधून कारवीचे ताटवे. आमच्या विद्यार्थ्यानें धनगरवाड्यावरील एका वृद्धास वाटाड्या म्हणून बरोबर घेतलें होतें.

आम्हीं त्यांस सांगितलें, "बाबा, कडवीचा उगम दाखवा." ते घटकाभर चालले व एका उतारावर, जांभळींच्या दाट सावलींत थांबले. पायांखालचा पाचोळा ओला होता. खडकाच्या बुडांतून पाणी पाझरत होतें, करंगळीएवढें. आम्ही म्हणालों, "हाच काय उगम?" म्हातारा हंसला. "मास्तर, नदीला एक त्वांड कुठलं? ह्यो एक झरा, पल्याड धा हाइत. समदं रानच पाझरतंय, तवा कुठं नदी हुतीया."

आम्ही निरुत्तर झालों. आणि हें निरुत्तर होणें त्या फ्रान्समधील निरुत्तर होण्याहून अगदीं निराळें होतें. वरचा सडा जांभ्या दगडाचा. तो दगड सच्छिद्र असल्यामुळें चार महिने कोसळणारा पाऊस पोटांत सांठवितो, आणि रानाची सावली व पाचोळा तें पाणी एकदम वाहून जाऊं देत नाहींत; म्हणून डिसेंबरांतही झरा जिवंत राहतो. रान तुटलें कीं झरा तुटतो, आणि झरा तुटला कीं खालचा बंधारा, ऊस व गुऱ्हाळ हीं सारीं नुसतीं नांवें उरतात. पश्चिम घाटास २०१२ सालीं युनेस्कोनें जागतिक वारशांत घेतलें. आमच्या उत्तरेचें चांदोलीचें अरण्य त्यांत आहे. आणि आश्चर्य असें कीं, त्याच २०१२ सालीं दोर्दोन्यचें खोरेंही त्याच संस्थेनें राखीव जीवावरण म्हणून मान्य केलें. दोन नद्यांची दखल जगानें एकाच वर्षीं घेतली. आम्हीं मात्र आमच्या नदीची घेतली नव्हती.

तेथून घाटमाथ्यावर गेलों. एका बाजूस कोंकण, खालीं साखरप्याकडे उतरणारी नागमोडी वाट. दुसऱ्या बाजूस आमचें देशावरचें रान. नातवास म्हटलें, "येथें पावसाचा एक थेंब पश्चिमेस पडला तर काजळी नदीनें रत्नागिरीजवळ भाट्याच्या खाडींतून अरबी समुद्रास जाईल. हातभर पूर्वेस पडला तर कडवींत, कडवींतून वारणेंत, सांगलीजवळ हरिपुरास कृष्णेंत, आणि कृष्णेबरोबर आंध्रांत जाऊन बंगालच्या उपसागरास मिळेल." मुलानें दोन दगडांवर बाटलींतील पाणी ओतून प्रयोग केला. त्याचे वडील मात्र कोंकणाकडे तोंड करून बराच वेळ गप्प होते. हातभर अंतरानें थेंबाचा समुद्र बदलतो, हें त्यांस वेगळें सांगण्याची गरज नव्हती.

पांचव्या दिवशीं पावनखिंडीस गेलों. १३ जुलै १६६० रोजीं, पन्हाळ्याच्या वेढ्यांतून निसटलेले शिवाजीमहाराज विशाळगडीं पोंचेपर्यंत बाजीप्रभु देशपांडे व बांदल मावळे यांनीं येथें शत्रूस अडवून धरिलें, ही कथा कोणा महाराष्ट्रीयास सांगावयास नको. परंतु येथील रानाची आणखी एक जुनी कथा आहे. विशाळगडाचें पूर्वींचें नांव खेळणा. बहामनी सरदार मलिक-उत्-तुजार मोठी फौज घेऊन तो जिंकावयास निघाला असतां, शिर्क्यानें त्यास या अरण्यांत आणून सोडिलें आणि ती फौज येथेंच बुडाली. इतिहासग्रंथांत त्याचें साल १४५३ दिलेलें आहे. चिरंजीव चमकून म्हणाले, "अण्णा, शंभर वर्षांच्या युद्धाची शेवटची लढाईही १४५३ चीच, कास्तियोंची, दोर्दोन्यच्याच कांठीं!" आम्हीं तेथल्या किल्ल्यांकडे तोंड वासून पाहिलें होतें, त्याच सालचें रान आमच्या घरापासून अर्ध्या दिवसाच्या वाटेवर उभें होतें.

खिंडीजवळच कासारीचे ओहळ निघतात. ती निराळ्या खोऱ्यानें जाऊन पंचगंगेस मिळते; आणि पंचगंगा व कृष्णा यांचा संगम नरसोबाच्या वाडीस होतो. म्हणजे एकाच डोंगराच्या दोन कुशींतून निघालेल्या कासारी व कडवी यांचें पाणी, इतके दिवस दूर राहून, दत्तप्रभूंच्या पायांशीं पुनः एकत्र येतें. हें ऐकून आमच्या सौभाग्यवतीनें डोळ्यांस पदर लावला. कां, तें आम्हीं विचारलें नाहीं.

राहिलेले दिवस घरींच गेले. नातवानें ओटीवर मोठा कागद पसरून दोन नद्या काढल्या, एक डावीकडे, एक उजवीकडे. आणि कडवीच्या उगमीं एक टिंब काढावयाचें सोडून सारा डोंगर हिरव्या रंगानें भरून टाकिला. त्या चित्राची एक प्रत त्यानें फ्रान्समधील त्या बाईंस पाठविण्यासाठीं वेगळी ठेविली आणि तिजखालीं आमच्याकडून उत्तर लिहवून घेतलें.

घराचा विषय निघाला नाहीं. आम्हींही काढला नाहीं. निघण्याच्या सकाळीं चिरंजीव अंगणांत उभे राहून वर पाहत होते. गाडीत पाय ठेवतां ठेवतां म्हणाले, "अण्णा, मागल्या पाख्याचे दोन वासे कुजले आहेत. पावसाळ्यापूर्वीं बदलून, घर नीट शाकारून घ्या. पैसे पाठवितों."

एवढेंच. यांतून फार मोठा अर्थ काढण्याचें आमचें वय नाहीं. वासे मात्र बदलून झाले आहेत. वाचकांस एकच विनंति : पुढील सुट्टींत कोठेंही जा, अवश्य जा, परंतु जाण्यापूर्वीं एक दिवस आपल्या गांवच्या नदीच्या कांठानें वरच्या अंगास चालून पाहा. परदेशीं कोणी विचारलें, तर निदान "डोंगरांत" एवढेंच सांगण्याची पाळी येणार नाहीं.