आवणीचा मुहूर्त

लग्नाचा मुहूर्त चुकला तर भटजी दुसरा काढून देतात. आवणीचा चुकला तर दुसरा वर्षभराने. शेतकऱ्याला मदत करू म्हणणाऱ्या सज्जनांना एवढेच सांगावेसे मला वाटते.

आमच्या गणेशपुरीला लोक येतात ते देवदर्शनाला आणि ऊन पाण्याच्या कुंडांत स्नानाला. भोवतालच्या खलाटीतल्या भाताकडे त्यांचे लक्ष जाण्याचे कारण नाही. तानसा नदी इथूनच वाहते. पण वर धरण आहे, आणि १८९२ पासून त्याचे पाणी मुंबईला जाते. आमच्या भाताची सारी भिस्त पावसावर.

डॉ. नारायण सावंत यांनी भाताची चारसूत्री सांगितली. रोपांना तुसाची राख, चिखलात गिरिपुष्पाचा पाला, दोरीने नेमक्या अंतरावर लावणी, आणि त्याच दिवशी चार चुडांच्या मधोमध, ७ ते १० सेंटिमीटर खोल, युरिया-डीएपीची गोळी. सूत्रे सोपी, पण राख घरची, पाला बांधावरचा, गोळी तालुक्याची आणि पैसा सोसायटीचा! १९५२ साली सामूहिक विकास योजना निघाली, १९६२ साली पंचायत समित्या आल्या; शेती, सहकार, पशुसंवर्धन यांची माणसे एका छपराखाली बसली. छप्पर एक झाले, आठवडा एक व्हायचा राहिला.

एका साली जवळच्या पाड्यावरच्या वारली आजीकडे बी वेळेवर आले. गोळ्या आल्या त्या आवणीनंतर पंधरवड्याने. आजी म्हणाली, "मास्तर, मदत आली खरी, पण जेवणं उरकल्यावर पाहुणा यावा तशी." त्या वर्षी कणगी अर्धीच भरली. दिवाळी होताच तिचा मुलगा उचल घेऊन बायकापोरांसह वीटभट्टीवर गेला. नातवाची शाळा तिथेच सुटली.

तेव्हापासून पेरणी झाली की मी वही घेऊन पाडे हिंडतो. कोणी राबात बी कधी टाकले ते लिहितो, पुढे वीस-पंचवीस दिवस मोजतो, आणि आवणीची तारीख प्रत्येक दारी जाऊन सांगतो. खत माझे नव्हे, पैसा माझा नव्हे. तारखेची आठवण तेवढी माझी. साहेब लोक प्रथम हसले. आता तेच विचारतात, "मास्तर, यंदा कोणता आठवडा?"

यंदा गोळ्या आवणीच्या दोन दिवस आधी पाड्यावर पोचल्या. आजीचा मुलगा भट्टीवर जाणारच आहे. मात्र उचल कमी घेतली आहे, आणि नातू आजीपाशी राहून शाळेत जाणार आहे.