टाळू

तान्हे मूल बघायला गेले म्हणजे बायका आधी रंग बघतात, मग नाक. आणि ते कोणाच्या वळणावर गेले यावरून दोन्ही घरांत थोडी कुरबुर होते. मी मात्र मुकाट्याने त्याची टाळू बघते. कपाळाच्या वर, मऊ जावळाखाली, ती शंकरपाळ्याच्या आकाराची जागा हलकेच उडत असते. (दिवाळीत दुसरी उपमा सुचत नाही, त्याला इलाज नाही.)

सारे अंग घडवून झाले नि देव नेमके डोक्यावर छप्पर घालायचे विसरला, असे कुणालाही वाटावे. पण ते छप्पर मुद्दामच उघडे ठेवलेले असते. जन्मतः कवटी ही एकसंध वाटी नसतेच. कपाळाची दोन हाडे, माथ्याची दोन, मागचे एक, कानांजवळची दोन, अशी सुटी हाडे चिवट पडद्याने सांधलेली असतात. जन्माच्या अरुंद वाटेत ती एकमेकांवर किंचित चढतात. म्हणून तर नुकत्या जन्मलेल्या मुलाचे डोके लांबट दिसते. काही दिवसांत ते आपोआप गोल होते, आणि श्रेय मालिशवाली घेते. घेऊ द्यावे, डोके दाबू मात्र देऊ नये.

मागची लहान तिकोनी टाळू दोन-तीन महिन्यांत मिटते. पुढची मोठी, साधारण दीड वर्षाच्या आसपास. मधल्या काळात आत केवढी गडबड चाललेली असते! पहिल्या वर्षात मेंदू जवळजवळ दुप्पट होतो. जन्मतः सुमारे ३५ सेंटिमीटर असलेला डोक्याचा घेर ४५-४६ वर जातो. मेंदूच्या रेट्याने हाडे दूर सरतात नि सांध्याच्या कडेला नवे हाड धरत जाते. एखादा सांधा वेळेआधीच जुळला तर डोके वेडेवाकडे वाढते, कधी शस्त्रक्रिया करून तो मोकळा करावा लागतो.

माझ्या भाचीची मुलगी पाच महिन्यांची होती. भर पावसाळ्यात तिला जुलाब लागले. दुपारपर्यंत ती निपचित पडली. घरात, दात येत असतील, दूध बाधले असेल, अशी चर्चा रंगली होती. माझी आई पंचाहत्तरीची. तिला आता नीट दिसत नाही. ती म्हणाली, "आण गं तिला इकडे." मांडीवर घेऊन तिने मुलीच्या डोक्यावरून एक बोट फिरवले.

"टाळू खोल गेलीय. रिक्षा बोलवा."

दवाखान्यात डॉक्टरांनीही पहिले बोट तिथेच ठेवले. अंगातले पाणी आटले की टाळू बसते. उलट, तापात ती फुगून ताठ झाली तर मेंदूच्या आवरणाला सूज असू शकते. तेव्हाही घरी थांबायचे नसते. सलाईन लागले. रात्रभर भाची नि मी आळीपाळीने त्या जागेवर हात ठेवत होतो. पहाटे ती सपाट लागली, आणि थोड्या वेळाने मुलीने दुधासाठी असा टाहो फोडला की शेजारच्या खाटेवरची बाई दचकून उठली.

आई रोज सकाळी त्या मुलीची टाळू भरीत असे. तेलाने हाड भरत नाही, हे शास्त्र मला ठाऊक आहे. पण रोज फिरणाऱ्या बोटाला कालची टाळू माहीत असते.

टाळू मिटली म्हणजे काम संपले असेही नाही. तेव्हाचे हाड पातळ, एकपदरी नि लवचिक असते. चौथ्या वर्षाच्या सुमारास त्यात पदर पडू लागतात: वर-खाली टणक, मध्ये जाळीदार. माथ्यावरच्या शिवणी तर ऐन तारुण्यातही पुरत्या जुळलेल्या नसतात. माझ्या वर्गातली मुले मधल्या सुट्टीत टाळक्याला टाळके आपटून घेतात, टेंगूळ चोळतात आणि पुन्हा धावतात. तासाला मात्र त्याच टाळक्यांत काही शिरू म्हणत नाही. तो दोष हाडांचा नव्हे.

भाचीची मुलगी आता दोन वर्षांची झाली. टाळू केव्हाच भरली. तरी आंघोळीआधी आई तेलाची वाटी घेऊन बसते, आणि पोरगी वाटी लवंडून अंगणात पळते.