पैठण दरवाज्यापाशी एक दुपार

पैठणहून उत्तरेस निघालेली सडक सुमारे पन्नास किलोमीटर चालून ज्या नगरीत शिरते, तिचे नाव इतिहासाने वारंवार बदलले. मलिक अंबराने १६१० साली वसविली तेव्हा ती खडकी होती. औरंगजेबाच्या सुभेदारीत औरंगाबाद झाली. आणि २०२३ पासून तिचे अधिकृत नाव छत्रपती संभाजीनगर आहे. दरवाज्यांची नावे मात्र फारशी हललेली नाहीत. ज्या गावची वाट, त्या गावचे नाव, हा जुन्यांचा साधा न्याय. त्या न्यायाने आमच्या वाट्यास आला तो पैठण दरवाजा.

येथे येणारा लेखक बहुधा वेरूळ-अजिंठ्याकडे वळतो. आमचे काम निराळे होते. आमचे धाकटे बंधू उभा जन्म संगीताची शिकवणी करीत आले. काचबिंदूने त्यांची दृष्टी नेली. त्यांच्या कन्येने पूर्वी परदेशातून आणलेला एक आयपॉड, म्हणजे खिशात मावणारी गाण्याची पेटी, घरात होती. २००५ सालच्या बनावटीची ती वस्तू. तिचे चक्र अंगठ्याने फिरवावे आणि पडद्यावरची नावे वाचून गाणे निवडावे, अशी तिची रीत. ज्यास पडदा दिसत नाही, त्यास ते कुलूपबंद कपाटच! हल्लीच्या मोबाईलात बोलण्याची सोय आहे, हे आम्ही जाणतो. परंतु गुळगुळीत काचेवर बंधूंचे बोट ठरत नाही. त्यांस हाताला लागेल असे बटण हवे.

तोड काढली ती सिडकोत राहणाऱ्या आमच्या पुतण्याने. आर्कोस या फ्रेंच कंपनीच्या वादनयंत्रातील आज्ञावली पसंत न पडल्यावरून काही स्वीडिश मंडळींनी २००१ साली स्वतःच दुसरी लिहावयास घेतली. तिचे नाव रॉकबॉक्स. पुढे ती अनेक कंपन्यांच्या यंत्रांवर चढली. ती विनामूल्य असून कोणीही तिच्यात भर घालावी, अशी मुभा आहे. कंपनीने न दिलेल्या कितीतरी सोयी तिने दिल्या; त्यांत अंधांसाठी बोलणारी यादी ही आमच्या मते सर्वांत मोलाची.

कंपन्या आपल्या यंत्राचे अंतरंग सांगत नाहीत. तेव्हा हे लोक आत शिरले कसे? एक उदाहरण ऐकून आम्ही थक्क झालो. आयपॉडच्या एका नव्या नमुन्याच्या पोटातील आरंभीची आज्ञावली बाहेर काढण्यास मार्ग सापडेना. तेव्हा एका जर्मन विद्यार्थ्याने त्यातील टिकटिक करणाऱ्या चिमुकल्या ध्वनियंत्राकडूनच ती वदवून घेतली. एकेक अक्षर आवाजाच्या रूपाने बाहेर पडे, आणि तो आवाज बंदिस्त पेटीत ध्वनिमुद्रित करून त्यावरून मजकूर पुन्हा जुळविला गेला. गुरुमुखातून संथा घेणाऱ्या आमच्यासारख्यांस ही युक्ती परकी वाटत नाही.

असो. पैठण दरवाज्याच्या परिसरात मोबाईलची दुकाने दाटीने आहेत. पूर्वी अशा दुकानांतून मेमरी कार्डात गाणी भरून देण्याचा धंदा जोरात चाले. आता तो ओसरला. एका दुकानदाराने पेटी हातात घेऊन म्हटले, "काका, हे आता म्युझियममध्ये ठेवा." तथापि प्लॅस्टिकच्या पातळ पट्टीने त्याने ती अलगद उघडली, फुगलेली बॅटरी बदलली, आणि फिरणारी जुनी तबकडी काढून तिच्या जागी पुतण्याने मागविलेल्या जोडपट्टीवर मेमरी कार्ड बसविले. फुगलेल्या बॅटरीस घरी कोणी टोचू नये. ती पेट घेते.

काम होईतो आम्ही पाणचक्कीवर जाऊन आलो. दूरच्या झऱ्याचे पाणी मातीच्या नळांतून आणून उंचावरून सोडले आहे, आणि त्या पडण्याच्या जोरावर धान्य दळण्याचे काम करून घेतले आहे. पाणी तर आणलेलेच होते; त्याच्याकडून आणखी एक काम घ्यावे, हे ज्यास सुचले त्यास आमचा नमस्कार.

रात्री पुतण्याने संगणकास जोडून नवी आज्ञावली चढविली. मूळची नाहीशी होत नाही. सुरू करताना वरची खिट्टी सरकविली की तीच उघडते. बंधूंस विशेष आवडली ती स्वर चढविण्या-उतरविण्याची सोय. पंडित नाथराव नेरळकरांचे ध्वनिमुद्रण आपल्या तंबोऱ्याच्या पट्टीत आणून ते त्यासोबत गुणगुणू लागले. लय तीच ठेवून स्वर बदलता येतो. अर्धे राहिलेले कीर्तन दुसऱ्या दिवशी तेथूनच सुरू होते.

एक अडचण उरली. यंत्राची वाणी इंग्रजी. 'मालकंस' हा शब्द तिच्या तोंडी ऐकवेना. परंतु प्रत्येक कप्प्याचे नाव आपल्या आवाजात नोंदविण्याची सोयही या आज्ञावलीत आहे. म्हणून नावे घरच्यांनी वाटून घेतली. राग आम्ही उच्चारले, नाट्यपदे वहिनींनी, आणि 'हरिपाठ' आमच्या मातोश्रींनी. त्यांचे वय सत्त्याऐंशी. पुतण्याने पैठणास दूरध्वनी लावून त्यांचा आवाज टिपला. 'हरिपाठ' एवढेच म्हणावयाचे होते, त्यांनी ते म्हटले, आणि त्याच श्वासात विचारले, "जेवलास का रे?"

पुतण्या तेवढे कापावयास निघाला. बंधूंनी त्याचा हात धरला.