काजळी आणि राख

आज भावाच्या ट्रकचा डीपीएफ, म्हणजे डिझेलच्या धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, उतरवला. शिरूर अनंतपाळहून लातूरच्या आडतीवर सोयाबीन, हंगामात कारखान्याला ऊस. कारखान्याचं अंतर थोडं, आणि वजनकाट्यापुढच्या रांगेत इंजिन तासन् तास चालू. नेमकं हेच या फिल्टरला मानवत नाही.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे धुराच्या प्रदूषणाचं मानक लागू झालं आणि नव्या ट्रकच्या सायलेन्सरच्या वाटेवर हा सिरॅमिकचा जाळीदार ठोकळा आला. त्याच्या बारीक नळ्या आलटूनपालटून एकेका टोकाला बंद असतात. धूर भिंतीतून झिरपतो, काजळी मागे राहते. आतलं तापमान ६०० अंश सेल्सिअसच्या आसपास गेलं की ती जळते. रांगेत उभ्या गाडीत एवढी उष्णता कुठून येणार? मग डॅशबोर्डवर दिवा लागतो, गाडी ओढत नाही.

मिस्त्रींनी उलट्या बाजूने हवा मारली तेव्हा पिठासारखी करडी भुकटी निघाली. ही राख इंजिन ऑइलमधली. कितीही तापवली तरी ती जळत नाही, फिल्टर उतरवूनच काढावी लागते. म्हणून ऑइल कमी राखेचं, कंपनीने सांगितलेलंच हवं. तिथे चार पैसे वाचवणं महागात पडतं.

"आतला ठोकळाच काढून टाका, कटकट मिटेल," असं सांगणारे भेटतात. मला ते मुळीच पटत नाही. ती काजळी मग रस्त्याकडेच्या शाळेतल्या लेकरांच्या छातीत जाते.

चालकबंधूंनो, रिजनरेशन, म्हणजे फिल्टरमधली काजळी जाळण्याचं काम, सुरू झालं की मध्येच तोडू नका. आणि गाडी उभी करून करायचं असेल, तर पाचटापासून लांब, मोकळ्या जमिनीवर करा.