उचल नको, अक्का

अक्का,

परवा फोनवर तू म्हणालीस, "थोरल्याच्या लग्नाला तीन लाख उचलायचं ठरवलंय." पुढं मंडपवाल्याचं, मानपानाच्या साड्यांचं, डीजेचं बरंच काही सांगत होतीस. मी हूं हूं करत राहिले. खरं सांगू? त्यातलं फारसं काही ऐकलंच नाही मी. 'उचलायचं' एवढा एकच शब्द कानात अडकून बसला. तोही तुझ्या तोंडून.

हे पत्र मी छापायला देतेय, याचा तुला राग येणार. येऊ दे. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, आणि समोर आले की आधी ताट वाढतेस. मग भांडायचं कधी?

आपल्या मंठा तालुक्यात उचल म्हणजे काय ते पोराला बाराखडीच्या आधी कळतं. मृगात बी-खत उधार आणायचं, आषाढात शाळेचं, श्रावणात दुखणं नाहीतर सण. पोळा झाला की घरात दाणा नाही आणि हातात पैसा नाही. नेमका तेव्हाच मुकादम मोटारसायकलवरून यायचा. त्याला फार बोलावं लागायचंच नाही. ओसरीवर बसून तो नोटा मोजायचा, दाजी अंगठा द्यायचे, आणि दसऱ्यानंतरचे सहा महिने ऊसतोडीला विकले जायचे. तुम्ही दोघं नवरा-बायको, पण त्याच्या वहीत नाव एकच: एक कोयता. आजारी पडलं तर खाडा, त्याचा दंड. हंगाम संपला की हिशेबात बाकी अंगावरच. ती फेडायला पुढच्या वर्षी पुन्हा जायचं. सोळाव्या वर्षी तुझं लग्न झालं तेच मुळी कोयता पुरा व्हावा म्हणून. हे आपल्या घरात कोणी उघड बोललं नाही. मी आज बोलते.

तुमचा ट्रॅक्टर निघायचा तेव्हा मी आजीजवळ थांबायचे. तू वरून ओरडायचीस, "वही सांभाळ!" पुस्तक नाही, दप्तर नाही, वही. चाळीस पानी, पाठीवर पाढे छापलेली.

2006 सालचं आठवतंय? मी सहावीत होते. गावात बचत गट निघाला, आठवड्याला दहा रुपये. सासूबाईंनी विचारलं, "कारखान्याच्या कोपीवर राहणारीला कसला गट?" प्रश्न खराच होता. गटाचा पहिला नियमच दर आठवड्याला बैठक, आणि तू सहा महिने कारखान्यावर. तू काय केलंस? निघायच्या आदल्या दिवशी सव्वीस आठवड्यांचे दोनशे साठ रुपये अध्यक्षबाईंच्या हातावर ठेवलेस. मुकादमानं तुला दिलेल्या आगाऊ पैशातूनच तू गटाला आगाऊ दिलंस. तेव्हा मला ते गमतीचं वाटलं होतं. आता आडतीवर दिवसभर हिशेब लिहिताना मधूनच आठवतं आणि पेन थांबतो. इतकी हिशेबी चाल मी मोंढ्यातल्या व्यापाऱ्यांतही फार पाहिली नाही.

त्याच वर्षी मुहम्मद युनूसांना नोबेल मिळालं होतं. गटाच्या सहयोगिनीनं बैठकीत गोष्ट सांगितली. 1976 साली बांगलादेशातल्या जोब्रा गावात त्यांना सुफिया बेगम भेटली. ती बांबूची स्टुलं करायची. बांबू घ्यायला पाच टका व्यापाऱ्याकडून घ्यायची, म्हणून स्टुलं त्यालाच, त्याच्याच भावानं विकावी लागायची. दिवसाला हातात पडायचे पन्नास पैसे. गावातल्या अशा 42 जणांचं सगळं देणं मिळून अवघे 27 डॉलर भरलं. बायका हळहळल्या. तू मात्र ताडकन म्हणालीस, "म्हंजे तिचा बी मुकादमच की!" सहयोगिनी तुझ्याकडं बघतच राहिली.

मग आपली वही सुरू झाली. तू सांगायचीस, मी लिहायचे. पानावर मधोमध रेघ. डावीकडं 'लागलं', उजवीकडं 'नसतं घेतलं तरी चाललं असतं'. उजवी बाजू भरत चालली तशी तू गप्प होत गेलीस. दाजींच्या पुड्या दिवसाला वीस रुपयांच्या, म्हणजे वर्षाला सात हजार तीनशे. तेवढ्यात दोन पोरांची शाळा होत होती. ते वाचून दाखवलं तेव्हा दाजी उठून बाहेर गेले. त्या दिवशी मला फार भीती वाटली होती. सोडायला त्यांना दीड वर्ष लागलं, पण सोडल्या.

आणि दुकानदाराची उधारी! ती पानं वाचताना आपल्याला कळलं की गरिबाला सगळं महाग पडतं. तेल दहा-वीस रुपयांचं, चहापत्ती पुडीतली, साबण अर्धा कापून, आणि वहीवर घेतलं म्हणून वर दोन रुपये जास्त. तू चहा बंद केला नाहीस. पोरांच्या ताटातलंही काही काढलं नाहीस. तू उधारी बंद केलीस. गटातल्या चौघींनी मिळून तेलाचा पंधरा किलोचा डबा आणला आणि वाटून घेतला. खळ्यावर भाव पडलेला असताना वर्षाची ज्वारी भरली. नडीला पाच रुपये शेकड्याच्या सावकाराऐवजी गटातून दोन रुपये शेकड्यानं घेतलं, आणि ते व्याजही शेवटी तुमच्याच पेटीत गेलं. काटकसर म्हणजे पोट मारणं असं लोकांना वाटतं. तुझ्या वहीत पोटाचा खर्च फार उतरला नाही, उशिराचा आणि उधारीचा दंड तेवढा उतरला.

तुझा थोरला चाकणला लागल्यापासून मोबाईलवर कसले कसले व्हिडिओ बघतो. दिवाळीत मला सांगत होता, "मावशी, वर्षाच्या खर्चाच्या पंचवीस पट साठवले की माणूस मोकळा." अमेरिकेतला हिशेब आहे तो. साठवलेल्यातून पहिल्या वर्षी शंभरातले चार काढायचे, पुढं महागाईप्रमाणे वाढवत न्यायचे, आणि पैसा तीसेक वर्षं पुरवायचा. हिशेब चुकीचा नाही, मी मांडून बघितला. पण त्याला मी म्हटलं, तुझ्या आईचा आकडा कधीच एवढा मोठा नव्हता. तिला मृग ते दसरा एवढे चार महिने कोणापुढं हात न पसरता काढायचे होते. तेवढं साठलं की कोयता खाली. ज्याला महिन्याला पगार येतो त्याला हे चार महिने दिसतच नाहीत.

चार महिनेच, पण त्याला दहा वर्षं लागली, अक्का. 2011 ला तू पहिल्यांदा गेली नाहीस, आठवतं? अख्ख्या गल्लीला पुरणपोळी वाढलीस. आणि 2012 आलं. आपल्या जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या, लोकांनी रडत रडत झाडांवर कुऱ्हाड चालवली, जालन्यात पाण्याच्या टँकरभोवती मारामाऱ्या. गटाचे पैसे ज्वारीत आणि कडब्यात गेले. पोळ्याला मुकादम आला तेव्हा तू पदरानं तोंड झाकून आत बसली होतीस. मी बारावीला होते. मी म्हटलं, "माझी फी नको भरू." तू मला एक थोबाडीत मारलीस. तेवढी एकच, आजवर.

पुढं 2014 वाईट, 2015 त्याहून वाईट. मग 2016 चा पाऊस. त्या वर्षी तू मुकादमाला चहा दिलास आणि म्हणालीस, "यंदा आमचं नाव नका धरू." दाजींचा चेहरा पांढरा पडला. ही बाई कशाच्या जिवावर बोलतेय, हे त्यांना कळेना. दोनेक महिन्यांनी कळलं. 8 नोव्हेंबरच्या रात्री पाचशे-हजाराच्या नोटा बंद झाल्या आणि सकाळी तू ज्वारीच्या कणगीत कोपरापर्यंत हात घालून फडक्याची पुरचुंडी काढलीस. एक, दुसरी, तिसरी. त्रेचाळीस हजार पाचशे. देशभर किती बायकांची गुपितं त्या आठवड्यात अशी उघडी पडली असतील! दाजींनी नोटा दोनदा मोजल्या. मला वाटलं आता भडकतील. ते एवढंच म्हणाले, "मला सांगितलं असतं तर मी खर्चले असते." आणि तुझ्याबरोबर बँकेच्या रांगेत दोन दिवस उभे राहिले. पासबुकावर पहिल्यांदा तुझं नाव छापून आलं. तू ते उलटं धरलं होतंस, मी सरळ करून दिलं.

त्यानंतरचं सगळं गावाला माहीत आहे. एकरभर तुती, शेड, रेशीमकिड्यांच्या बॅचा. 2018 ला जालन्यातच कोषाचा बाजार सुरू झाला आणि थेट कर्नाटकात रामनगरला जायची पायपीट वाचली. धाकटीला नर्सिंगला घातलंस. माझं बी. कॉम. त्याआधीच तुझ्या कोयत्यावर झालं होतं. लाडकी बहीणचे दीड हजार येतात ते तसेच पोस्टाच्या आरडीत जातात. गटातल्या नव्या पोरींना तू वही घालून देतेस म्हणे, मधोमध रेघ मारून.

पण एक गोष्ट मी माफ केलेली नाही. मागच्या उन्हाळ्यात तू चक्कर येऊन पडलीस आणि रक्त सातवर आलेलं निघालं. डॉक्टरांनी विचारलं, किती दिवसांपासून दम लागतोय? तू म्हणालीस, "दोन वर्षं." दोन वर्षं, अक्का! मी घरी येऊन जुन्या वह्या काढल्या, सगळ्या. पोरांचं औषध आहे, सासूबाईंचा चष्मा आहे, म्हशीचं इंजेक्शनसुद्धा आहे. तुझ्या नावावर डाव्या बाजूला काहीच नाही. अकरा वह्यांत एक चप्पल. लिहिणारी मीच होते. माझ्या लक्षात कसं आलं नाही, हे मी स्वतःला विचारतेय.

आता लग्नाचं. तू काय म्हणालीस तेही मी ऐकलंय, बहिरी नाही. "एकदाच तर व्हतंय लगीन. लोकांनी आपल्याला जन्मभर कोपीवरची म्हणून बघितलं. एक दिस तरी मंडपात ताठ बसू दे." हे वाक्य माझ्या छातीत रुतलंय. याला उत्तर देण्याइतकी मी मोठी नाही. शाळेत मला 'पाचटवाली' म्हणायचे तेव्हा तू आठशे रुपयांचा ड्रेस आणला होतास, त्याचीही नोंद उजव्या बाजूला करू दिली नव्हतीस. तुला त्या दिवशी जे वाटलं तेच आज वाटतंय, हे मला कळतं.

पण हिशेब ऐकशील? फायनान्सवाला महिना दोन टक्के म्हणाला ना? तीन लाखांना तीन वर्षं महिन्याला 11,770 च्या आसपास हप्ता. एकूण चार लाख चोवीस हजारांजवळ. म्हणजे व्याज सव्वा लाखाला थोडं कमी. आता दुसरा हिशेब. जानेवारी 2024 मध्ये तोडणीचा दर 34 टक्क्यांनी वाढून टनाला 366 झाला. त्या दरानं नुसतं व्याज फेडायला 338 टन ऊस तोडावा लागेल. तुम्ही दोघं दिवसाला दोन टन तोडायचात. 169 दिवस झाले. अक्का, हा एक पुरा हंगाम झाला. मुद्दल अजून तशीच. गटाचा दरही दोन टक्केच, हे तू म्हणशीलच. पण ते व्याज तुमच्या पेटीत परत यायचं. हे कुठं जाणार?

आणि हप्ता भरणार कोण? सून येईल, तिच्या पहिल्या दिवाळीपासून घरात हप्त्याची तारीख असेल. तू ज्या ओझ्याखाली या घरात आलीस, तसंच तिला द्यायचंय का?

लग्न कर. ताठ बस. पासबुकात एक लाख चाळीस हजार आहेत, मला माहीत आहे, मीच मशीनवर छापून आणलंय. त्यात माझे पन्नास हजार घाल. नाही म्हणू नकोस, ते माझ्या फीचे आहेत, तू मारलेल्या थोबाडीतीचे आहेत. एक लाख नव्वद हजारांत मारुतीच्या पारावर चांगला मंडप पडतो, गावजेवण होतं. डीजे होणार नाही. रेशमाच्या पैशाची पैठणी मात्र तू नेसायची, तिचा खर्च डाव्या बाजूला, तुझ्या नावानं. आरडीला हात लावायचा नाही. थोरल्याशी मी बोलते. पंचवीस पटीचा हिशेब त्याला पाठ आहे, तर हाही कळेल.

रविवारी सकाळच्या गाडीनं येते. फायनान्सवाल्याच्या कागदावर तोवर सही करू नकोस. आणि आल्या आल्या ताट वाढू नकोस, आधी बस माझ्यासमोर. नवी वही आणतेय, रेघ मारून. गोळ्या संपल्या असतील तर आज फोन कर, येताना घेऊन येते.

तुझी,
बेबी